गुहागरच्या सुट्टीत पॅकमॅनला किती वेळ द्यावा?

प्रश्न : माझे वय ४३ असून मी डोंबिवलीत राहतो. आमचे मूळ घर गुहागर तालुक्यात आहे. या मे महिन्यात आठ दिवसांसाठी सगळ्या कुटुंबाला घेऊन जाण्याचा बेत आहे. पहिले दोन दिवस समुद्राजवळच्या हॉटेलात आणि नंतर घरी. मी शाळेत असताना एसटी स्टँडमागे एक व्हिडिओ गेम पार्लर होते. तिथे एका रुपयात ‘मुस्तफा’ खेळण्यात जी मजा होती, ती मला नंतर कशातही आली नाही. गेल्या वर्षी अमेरिकेतला माझा मामेभाऊ मुलांना घेऊन न्यू हॅम्पशायरमधील ‘फनस्पॉट’ या जुन्या खेळांच्या प्रसिद्ध दालनात गेला होता. त्याने पाठवलेले फोटो पाहिल्यापासून आपल्याही मुलांना असे काही दाखवावे, असे मनात आहे. मुलगा आठ वर्षांचा आहे आणि सतत मोबाइलवर खेळत असतो. जुने खेळ पाहून त्याचे हे वेड कमी होईल अशी मला आशा आहे. मुलगी बारा वर्षांची आहे. पत्नीचे म्हणणे असे, की कोकणात जाऊनही अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसायचे असेल तर डोंबिवली काय वाईट आहे? माझे वडील तर पार्लरचे नाव काढताच चिडतात, कारण त्यांनी मला एकदा तिथून कान धरून घरी आणले होते. माझा बेत वेडगळ आहे का? असे खेळ तिकडे कुठे मिळतील, खर्च किती करावा, आणि मुलाला कंटाळा आला तर काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बेत वेडगळ नाही. आठ दिवसांपैकी एक दुपार या खेळांना खुशाल द्यावी. मात्र मुलाचे मोबाइलचे वेड सुटेल, ही आशा घरी ठेवून निघावे. चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळाकडून औषधाचे काम करून घ्यायला गेलात, तर मुलाला पहिल्या पाच मिनिटांत त्याचा वास येईल आणि मग त्याला तो खेळ गोड लागणार नाही.

आधी आपल्या मामेभावाच्या फोटोंविषयी. फनस्पॉट हे १९५२ पासून चालू असलेले दालन एका मोठ्या सरोवराच्या काठी, सुट्टीच्या गावात आहे आणि त्याच्या आत जुन्या नाणेखेळांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. पाश्चात्त्य देशांत पाणी, सुट्टी आणि नाण्यावर चालणारी यंत्रे यांची सांगड फार जुनी आहे. इंग्लंडात ब्रायटनचा समुद्रात शिरलेला धक्का १८९९ मध्ये खुला झाला आणि तशा धक्क्यांवर, व्हिडिओ गेम जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, पेनी टाकून चालवायची यंत्रे होती. आपल्या किनाऱ्यावर ती जागा भेळेच्या गाडीने, घोडागाडीने आणि नारळपाण्याने घेतली, आणि व्हिडिओ गेम आला तो थेट एसटी स्टँडच्या मागे. म्हणून गुहागरात फनस्पॉट शोधत हिंडण्यात सुट्टीचा दिवस घालवू नये. आमच्याकडच्या जत्रांत पाळण्यांच्या शेजारी कधी कधी अशी यंत्रे लागतात खरी, पण आंगणेवाडीची आणि कुणकेश्वरची जत्रा मे महिन्यापूर्वीच होऊन गेलेली असते.

आपल्याला व्यवहारात उपयोगी पडतील अशा जागा दोनच. पहिली म्हणजे ज्या हॉटेलात आपण दोन दिवस उतरणार आहात, तिथली किंवा आसपासच्या एखाद्या रिसॉर्टमधली खेळांची खोली. आणि दुसरी म्हणजे आपल्या स्वतःच्या घराचा माळा. माळ्याकडे मी नंतर येते.

हॉटेलला फोन कराल तेव्हा ‘तुमच्याकडे गेम झोन आहे का’ असे विचारू नका, कारण त्या शब्दांत कॅरम, टेबल टेनिस आणि हवा गेलेला फुटबॉल हे सगळे मावते. उभे राहून खेळायचे, दांडा आणि बटने असलेले यंत्र आहे का, ते आज चालू आहे का, नाण्यावर चालते, टोकनवर चालते की कार्डावर, आणि बाहेरून आलेल्यांना खेळू देतात का, हे एवढे विचारावे. ‘आज’ या शब्दावर जोर द्यावा. समुद्रावरची खारी हवा ज्याप्रमाणे आपल्या खिडकीचे गज आणि स्कूटरचा सायलेन्सर खाते, त्याचप्रमाणे ती जॉयस्टिकच्या खालचे छोटे स्विचही खाते. मग यंत्र दिवे लावून उभे असते, गाणेही वाजवते, पण डावीकडे काही जात नाही. नाणे टाकण्यापूर्वी दांडा चारही दिशांना हलवून पाहावा. प्रत्येक दिशेला ‘टिक’ असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. ज्या दिशेला आवाज येत नाही, त्या दिशेला आपला रुपया बुडाला असे समजावे.

अशा ठिकाणी बहुधा एकाच पेटीत साठ किंवा त्याहून अधिक जुने खेळ भरलेले यंत्र असते. त्यात काही वावगे नाही, मात्र एक खोच ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पॅकमॅन म्हणजे चक्रव्यूहात भुतांना चुकवत ठिपके खाण्याचा खेळ; त्याच्या मूळ यंत्राचा दांडा फक्त चार दिशांना फिरतो. साठ खेळांच्या पेटीला सर्वांसाठी मिळून आठ दिशांचा दांडा बसवलेला असतो. तो किंचित तिरका गेला की पॅकमॅन ऐन वळणावर अडखळतो आणि भूत त्याला गाठते. आपला मुलगा कोपऱ्या-कोपऱ्यावर मरू लागला तर दोष त्याच्या हाताचा असेलच असे नाही. त्याला दांडा सरळ, ठासून एका दिशेला दाबायला सांगावे.

आता आपल्या मूळ आशेकडे वळते, कारण तिच्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. १९७२ मध्ये अटारी कंपनीने ‘पाँग’ या टेबल टेनिससारख्या व्हिडिओ गेमची पहिली पेटी कॅलिफोर्नियातल्या एका मद्यालयात ठेवली. काही दिवसांतच ती बिघडल्याचा निरोप आला आणि दुरुस्तीला गेलेल्या ॲलन अल्कॉर्न यांनी उघडून पाहिले, तर नाण्यांची जागा इतकी गच्च भरली होती की नवे नाणे आत जाईना. त्यानंतरच्या सगळ्या पेट्या त्या नाण्याच्या हिशेबाने घडल्या. नवशिक्याचा डाव दोन-तीन मिनिटांत आटोपला पाहिजे, म्हणजे मागचा माणूस पुढे येईल. मोबाइलवरच्या खेळाचा हिशेब नेमका उलटा असतो. खेळणाऱ्याने उठूच नये म्हणून रोजचे बक्षीस, अर्धवट राहिलेली पातळी आणि रात्री येणारी आठवण अशी सगळी योजना केलेली असते. लोभ दोन्हीकडे सारखाच आहे, हे मुलापासून लपवू नये. पण जुन्या लोभाला संपणे भाग होते, आणि आठ वर्षांच्या मुलाला ‘खेळ संपला’ ही पाटी दुसऱ्या कुणी नव्हे, खुद्द खेळाने दाखवणे हा अलीकडे दुर्मीळ झालेला अनुभव आहे. ‘आता बंद कर’ असे आपण म्हणण्याची वेळच येत नाही. एवढ्याने घरी परतल्यावर तो मोबाइल खाली ठेवील असे मी मुळीच म्हणणार नाही, पण त्या दुपारी तरी आपल्यावर ओरडण्याची पाळी येणार नाही.

खेळ कोणता निवडावा, यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आपण ज्याच्या प्रेमात आहात तो ‘मुस्तफा’ सुरुवातीला देऊ नये असे माझे मत आहे. पहिला डाव ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा असावा. जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये केलेल्या या खेळात परग्रहवासीयांच्या पाच रांगा असतात, प्रत्येक रांगेत ११ म्हणजे एकूण ५५ जण, आणि सुरुवातीला ते आपल्या ग्रामपंचायतीच्या सभेइतक्या संथपणे सरकत असतात. जसजसे ते मरतात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढत जातो आणि शेवटचा एकटा तर पिसाळल्यासारखा धावतो. गंमत अशी, की हा वेग कुणी आधी ठरवून घातलेला नव्हता. ५५ चित्रे पडद्यावर हलवताना त्या काळच्या बिचाऱ्या प्रोसेसरची दमछाक होत असे, आणि चित्रे कमी झाली की त्याचे ओझे हलके होऊन तो भराभर काम उरकत असे. निशिकादो यांनी ते तसेच राहू दिले आणि खेळाला रंगत आली. ही गोष्ट मुलाला डाव संपल्यावर सांगावी, आधी सांगू नये. ‘बाबा, हे शेवटी जोरात का पळतात?’ असा प्रश्न त्याच्याकडूनच येऊ द्यावा.

दुसरा डाव पॅकमॅनचा. १९८० मध्ये नाम्को कंपनीच्या तोरू इवातानी यांनी केलेल्या या खेळात एका चक्रव्यूहात २४० ठिपके आणि चार मोठ्या गोळ्या असतात, त्या खायच्या आणि चार भुतांना चुकवायचे, एवढेच काम. पाहणाऱ्याला ती चारही भुते सारखीच वाटतात, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. कोकणातल्या मुलाला हे पटवून देणे सोपे आहे, कारण पिंपळावरचा मुंजा, पाण्यातला गिऱ्हा आणि शिवेवरचा देवचार यांचे स्वभाव एकसारखे नसतात हे आपल्या आजीने आपल्याला केव्हाच शिकवलेले आहे. लाल भूत सरळ पाठलाग करते. गुलाबी भूत आपण जिथे आहोत तिथे येत नाही, आपले तोंड ज्या दिशेला असेल तिकडे चार घरे पुढची जागा धरते, म्हणजे वाट अडवते. निळसर भुताची चाल आपण कुठे आहोत आणि लाल भूत कुठे आहे या दोन्हींवर ठरते, त्यामुळे त्याचा अंदाज सर्वांत अवघड. आणि नारिंगी भूत दुरून मोठ्या आवेशाने येते, पण आठ घरांच्या आत पोचले की आपल्या कोपऱ्याकडे माघारी वळते. आपल्या मुलाला चौघांपैकी एकाचीच ओळख पटवण्याचे काम द्यावे. नारिंगी भित्रा आहे हे त्याने स्वतः ओळखले, तर पुढची दहा मिनिटे तो आपल्याला शिकवीत बसेल.

जाता जाता, हा खेळही अखेर संपतोच. पातळी मोजण्यासाठी त्यात जेवढी जागा ठेवली होती ती २५५ पर्यंतच पुरते, त्यामुळे २५६व्या पातळीला पडद्याची उजवी बाजू अक्षरांच्या कचऱ्याने भरून जाते आणि पुढे जाता येत नाही. आपण तिथवर पोचणार नाही, काळजी नसावी.

मग ‘मुस्तफा’. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९९३ मध्ये आणला आणि त्यातल्या चार पात्रांपैकी पिवळ्या टोपीच्या मुस्तफाच्या नावाने तो आपल्याकडच्या पार्लरांत ओळखला जाऊ लागला. मूळ यंत्रावर तिघे एकत्र खेळू शकतात आणि एकमेकांच्या बाजूने लढतात, म्हणून १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ पेक्षा तो आपल्या कुटुंबाला अधिक मानवेल. तिथे बहीण-भावाची गाठ समोरासमोर पडते आणि जेवणाच्या ताटापर्यंत ते भांडण येते. ‘मुस्तफा’ शेवटी ठेवा म्हणण्याचे कारण खेळात नाही, आपल्यात आहे. तो सुरू झाला की आपण पंधरा वर्षांचे होणार. मुलाच्या पाठीशी उभे राहून ‘उजवीकडे, अरे उजवीकडे, उडी मार, आता बंदूक उचल’ असे सुरू होईल, मग एक हात त्याच्या हातावर जाईल, आणि अर्ध्या मिनिटात दांडा आपल्याकडे आणि मुलगा बाजूला, असे चित्र दिसेल. मी हे पाहिलेले आहे. शेजारचा दांडा आपला, मधला त्याचा, अशी वाटणी आधीच करून घ्यावी आणि त्याने विचारल्याशिवाय सूचना देऊ नये. आपण आधी मेलात तर फारच उत्तम.

आपल्या पत्रात मुलीचा उल्लेख चार शब्दांत आटोपला आहे. यात आपला दोष नाही, त्या पार्लरांनीच आपल्याला ही सवय लावली. आमच्या गावातही असे एक पार्लर होते. आत वीस-पंचवीस मुलगे, पुढच्या डावाचा नंबर म्हणून पडद्याखालच्या पट्टीवर ओळीने ठेवलेले रुपये, आणि मी दारात भावाच्या चपला धरून उभी. आत जायला कुणी मनाई केली नव्हती, पण जायचे नसते हे मला ठाऊक होते. माझा भाऊ एकदा समुद्रावरून ओल्या पायांनी थेट आत गेला, त्याने पत्र्याच्या पॅनेलला हात लावला आणि असा किंचाळला की सगळे मुलगे हसले. पुढे आठवडाभर त्याच्या कोपरापर्यंत मुंग्या येत होत्या. मालकाने त्याला दुसऱ्या यंत्रावर एक डाव फुकट दिला आणि विषय संपला. तेव्हा दोन गोष्टी करा. पाण्यातून आल्यावर मुलांचे हातपाय कोरडे करून, पायात चप्पल घालूनच यंत्राजवळ जाऊ द्या, आणि यंत्राला हात लावताच जराशी झिणझिणी जाणवली तरी तिथे खेळू नका, मालक ‘एवढे चालतेच’ म्हणाला तरीही. आणि पहिले नाणे मुलीच्या हातात द्या. बारा वर्षांची मुलगी ‘मला नको, त्याला दे’ म्हणण्याची शक्यता आहे. ते खरे मानण्याची घाई करू नये.

आपल्या वडिलांचा राग मला समजतो, आणि तो निव्वळ जुनाटपणाचा नाही. त्या काळी शाळेच्या वेळेत मुले तिथे सापडत, घरातले सुटे पैसे नाहीसे होत, आणि व्हिडिओ गेमच्या पाटीआड जुगाराची यंत्रे चालत असल्याच्या बातम्या तेव्हाही येत आणि अजूनही येतात. आजही एखाद्या ठिकाणी शिरल्यावर फिरणाऱ्या चित्रांची किंवा आकड्यांची यंत्रे दिसली आणि त्यांच्यासमोर मोठी माणसे गप्प बसलेली असली, तर मुलांना घेऊन तसेच मागे फिरावे. वडिलांशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना बरोबर चलण्याची विनंती करा आणि नाण्यांचा बटवा त्यांच्या ताब्यात द्या. नातवंडांनी आजोबांकडे नाणे मागायचे आणि त्यांनी ते मोजून द्यायचे. आपल्याला कान धरून कसे आणले, ही गोष्टही त्यांनाच सांगू द्या. मुलांना ती कोणत्याही खेळापेक्षा जास्त आवडेल आणि ती निमूटपणे ऐकणे एवढी शिक्षा आपण आता भोगायला हरकत नाही.

पैशांचे म्हणाल तर दर ठिकाणागणिक बदलतात, त्यामुळे रकमेऐवजी डावांची संख्या ठरवावी. प्रत्येकी दहा डाव पुष्कळ झाले, आणि यात आपलाही समावेश आहे. कार्ड टेकवण्याची सोय असली तरी शक्य असेल तिथे टोकन घ्यावीत. मुठीतली दहा टोकने सात झाली हे मुलाला दिसते, कार्डातले कमी झालेले पैसे दिसत नाहीत. काचेच्या पेटीत खेळणी भरलेली आणि वरून पंजा सोडायची यंत्रे मात्र या दहांत धरू नयेत. त्या पंजाची पकड किती घट्ट असावी हे चालवणाऱ्याला आतून ठरवता येते, त्यामुळे तिथे मुलाच्या कौशल्याला फारसा वाव नसतो, आणि मुलाचा रडवेला चेहरा हेच त्या धंद्याचे भांडवल असते. आठ वर्षांच्या मुलासाठी एखादे भक्कम स्टूल मागून घ्यावे, नाहीतर त्याला सगळा खेळ टाचा उंचावून खेळावा लागतो. घरात कुणाला आकडी येत असेल तर उघडझाप करणाऱ्या पडद्यांसमोर जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

आता माळ्याकडे. नव्वदच्या दशकात ज्या घरांत मुलगे होते, त्यांपैकी बऱ्याच घरांत टीव्हीला जोडायचा गेम आला होता. जपानमध्ये १९८३ मध्ये निघालेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या त्या स्वस्त नकला होत्या, आणि कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असे छापलेले असले तरी आत खेळ पाच-सातच असत, बाकी त्यांचीच आवृत्ती. तो आपल्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेला असेल, तर शेवटचे चार दिवस हॉटेलातल्या यंत्रापेक्षा अधिक रंगतील. कॅसेटमध्ये फुंकर मारण्याचा आपल्या पिढीचा संस्कार मात्र मोडावा. फुंकरीतला ओलावा तांब्याच्या पट्ट्यांना बाधतो, आणि कोकणातल्या हवेत ओलाव्याची कमतरता नाही. औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्याला लावून पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट बसवावी.

बदकांवर नेम धरायची बंदूक सापडली आणि ती नव्या सपाट टीव्हीवर चालत नाही असे आढळले, तर बंदूक बिघडली असे समजून ती टाकू नका. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो चौकोन दिसला की नाही एवढेच पाहतो. हे सगळे जुन्या, मागे पोट असलेल्या टीव्हीच्या नळीत चित्र ज्या रीतीने आणि ज्या क्षणी उमटते, त्यावर बेतलेले आहे. सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो आणि बंदुकीला अंधारच दिसतो. जुना टीव्ही घरात असेल, तर कितीही मोह झाला तरी त्याचे मागचे झाकण आपण स्वतः उघडू नये, कारण वायर काढल्यानंतरही त्याच्या आत जिवावर बेतेल इतका विजेचा दाब शिल्लक असू शकतो. गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलवावे. तो येईपर्यंतचे दोन दिवसही वाया जात नाहीत, कारण ‘आज येतो म्हणाला होता’ हा खेळ आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू आहे. टीव्ही सुरू झालाच, तर शेजारी एक रिकामा डबा ठेवून प्रत्येक डावाला एक रुपया टाकण्याचा नियम करावा आणि वाडीतल्या मुलांनाही त्याच नियमाने बसवावे. जमलेल्या पैशांचे काय करायचे ते मुलांना ठरवू द्यावे.

आपल्या पत्नीच्या म्हणण्याला उत्तर वेळापत्रकातूनच द्यावे. मे महिन्यात दुपारी बारा ते चार गुहागरच्या वाळूवर पाय ठेवता येत नाही, त्यामुळे त्या वेळेतली दोन तास खेळांची खोली समुद्राच्या वाट्याचे काहीच घेत नाही. आमचे लोक भरतीची वेळ काढताना तिथीला तीनाने गुणून चाराने भागतात. दशमी असेल तर साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. हिशेब ढोबळ आहे, पण बेत आखायला पुरतो. ओहोटीचे पाणी आत ओढते, म्हणून मुलांना पाण्यात न्यायचे ते भरती चढत असताना, आणि तेही किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला किंवा स्थानिक माणसाला विचारून. हे वेळापत्रक एकदा कॅलेंडरवर मांडून पत्नीसमोर ठेवलेत, तर त्यांची हरकत बहुतेक उरणार नाही. हरकत उरलीच, तर त्या दोन तासांत त्यांना कुठे जायचे असेल तिथे जाऊ द्यावे. सगळ्यांनी एकत्रच असले पाहिजे असा सुट्टीचा नियम नाही. दुपारी वीज जाण्याची शक्यता धरून पत्त्यांचा एक जोड मात्र बरोबर असू द्यावा.

आपला शेवटचा प्रश्न, मुलाला कंटाळा आला तर. येऊ शकतो, चौकोनी ठिपक्यांची ती चित्रे त्याला गरीब वाटतील आणि ‘हे असले खेळायचात तुम्ही?’ असेही तो विचारील. तेव्हा पहिल्या चार नाण्यांनंतर त्याला सरळ विचारावे आणि त्याने ‘नको’ म्हटले तर बाहेर पडून कोकम सरबत घ्यावे; मुलीला अजून खेळायचे असेल तर आजोबा तिच्याबरोबर थांबतील. उरलेली टोकने परत घेऊन पैसे देतात का, हे मात्र विकत घेण्यापूर्वीच काउंटरवर विचारून ठेवावे.